खाजवण्यासाठी वर गेलेला हात मतांतून वजा करणेबाबत

प्रति,
मा. गटविकास अधिकारी साहेब,
पंचायत समिती, कर्जत, जि. रायगड.

अर्जदार : भिवाजी हिरू ठोंबरे, धंदा भातशेती, रा. कुंभेपाडा, पळसदरी धरणाच्या अंगाला.

विषय : ग्रामसभेत खाज सुटल्यामुळे वर गेलेला हात मत न धरणे व त्यायोगे करंजाचे झाड वाचवणे.

संदर्भ : १) विशेष ग्रामसभा ठराव क्र. ७, दि. १०/११/२०२५. २) अर्जदाराची पाठ.

महोदय,

१. सदर अर्जदाराचे वय ५८ असून आजवर त्याच्या हातून कोणाचे वाकडे झालेले नाही. दि. १० रोजी त्याच्या खळ्यावर भाताची झोडणी चालू होती. साहेबांनी कधी भात झोडले नसल्यास नम्रपणे कळवावेसे वाटते की, त्या वेळी बारीक कुसळे उडून सदऱ्यात शिरतात आणि माणूस खाजवून खाजवून वेडापिसा होतो. त्यावर उपाय सोपा आहे. पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा, मानेला फडके गुंडाळावे, आणि काम संपताच आंघोळ करून अंगाला करंजेल, म्हणजे करंजाच्या बियांचे तेल, चोळावे. अर्जदाराची पत्नी धोंडूबाई हिने पाणी काढूनही ठेवले होते. परंतु ग्रामसभा चार वाजता होती, आणि तीत वेशीवरचे करंजाचे झाड तोडून धरणावर येणाऱ्या पाहुण्यांसाठी सेल्फी पॉइंट बांधण्याचा ठराव यायचा होता. त्याला विरोध करण्याच्या घाईत अर्जदार बिनआंघोळीचा तसाच पळाला. चुकलेच ते.

२. सदर झाड अर्जदाराच्या आईने, कै. आवडीबाईने, लावलेले आहे. त्याच्या शेंगा धोंडूबाई वेचते व घाण्यावरून तेल काढून आणते. लावणीत पायाच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या, की अख्खा पाडा वाटी घेऊन तिच्या दारात उभा असतो. ठराव मांडणारे उपसरपंच श्री. योगेंद्र हेही असतात. त्यांची वाटी जरा मोठीच असते, पण ते असो.

३. सभेत श्री. योगेंद्र यांनी "ठरावाच्या बाजूचे हात वर करा" असे म्हणायला आणि अर्जदाराच्या डाव्या काखेत खाज सुटायला एकच गाठ पडली. डावी काख खाजवायची तर डावा हात वर करावाच लागतो. माणसाची ही घडण अर्जदाराने केलेली नाही. ग्रामसेवकांनी तो हात मोजला. "आवं सायेब, ते मत नाय, खाज हाय!" असे ओरडत अर्जदार उठला, तोच मेली उजवी काखही चेतली. इतिवृत्तात "श्री. भिवाजी यांनी उभे राहून, दोन्ही हात उंचावून उत्स्फूर्त पाठिंबा दिला" अशी नोंद आहे. ठराव एकवीस विरुद्ध वीस असा मंजूर झाला. अर्जदाराचा हात त्याच्या खऱ्या बाजूला नेला, तर ठराव तेवढ्याच फरकाने पडतो.

४. एवढ्यावर भागले असते तरी अर्जदाराने नशिबाला बोल लावून गप्प बसणे पत्करले असते. पण काखा शांत होतात न होतात तो पाठ पेटली. तिथे हात पोचेना, म्हणून अर्जदार समाजमंदिराच्या खांबाला म्हशीसारखी पाठ घासू लागला. त्याची नोंद "ठराव मंजूर होताच श्री. भिवाजी आनंदाने डोलू लागले" अशी झाली. असा उत्साही माणूस पाहून त्यास सेल्फी पॉइंट समितीचे अध्यक्ष नेमण्यात आले व गळ्यात झेंडूचा हार घातला. आधीच कुसळे, त्यात झेंडू! अर्जदार तडफडत असतानाचा फोटो गावाच्या ग्रुपवर "भारावलेले अध्यक्ष" म्हणून फिरत आहे. सोमवार दि. १७ रोजी सकाळी दहा वाजता झाडावर पहिला घाव अध्यक्षांच्या हस्ते घालायचा आहे. म्हणजे आईने लावलेल्या झाडावर लेकाने कुऱ्हाड चालवायची. अर्जदारास चार दिवस अन्न गोड लागलेले नाही.

५. ग्रामसेवकांकडे दाद मागितली असता "हात मोजले जातात, हाताच्या मनात काय होतं ते मोजत नाय" असे उत्तर मिळाले. खाज सुटल्याचा पुरावा आणा, म्हणाले. कर्जतच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर "खाजवू नये" असे स्वच्छ लिहून दिले आहे. हा सल्ला सभेच्या आदल्या दिवशी मिळता, तर आज साहेबांना तसदी पडली नसती.

६. घरची स्थिती याहून नाजूक आहे. धोंडूबाईने करंजेलाची बाटली ट्रंकेत घालून किल्ली कनवटीला लावली आणि "ज्या हातानं मत दिलंत, त्याच हातानं खाजवा आता" असे ठणकावले. अर्जदाराने कडुनिंबाच्या पाल्याचे पाणी, ताक, नातवंडाची पावडर, सर्व करून पाहिले. पावडरीने वास तेवढा छान येतो. मात्र काल हा अर्ज लिहायला घेतला, तेव्हा धोंडूबाईने आपण होऊन ट्रंक उघडली. अर्जदाराने आशेने सदरा काढला. तर तिने बाटली त्याच्या पाठीऐवजी या अर्जासोबत ठेवली. म्हणाली, "सायबांना धाडा. खाज काय आन् झाड काय, दोन्ही कळंल."

७. तरी विनंती की, आज शुक्रवार असून कचेरी उद्यापासून दोन दिवस बंद राहील, हे ध्यानी घेऊन सदर ठरावास आजच स्थगिती द्यावी व फेरमतदान घ्यावे. अर्जदार आंघोळ करून येईल व हात मांडीखाली दाबून बसेल. शंका असल्यास साहेबांनी आपला माणूस दहा मिनिटे खळ्यावर उभा करून पाहावा.

स्थगिती न मिळाल्यास अर्जदार सोमवारी दहाच्या आधी त्याच झाडाला पाठ लावून, दोन्ही हात वर करून उभा राहील, व कुऱ्हाड घेऊन येणारे परत जाईपर्यंत हलणार नाही. त्या वेळी मात्र ते खाजवणे समजू नये. ते मत आहे.

तोवर हात खाली ठेवून वाट पाहणारा,
आपला नम्र,
भिवाजी हिरू ठोंबरे
(सही डाव्या हाताची आहे, उजवा पाठीवर आहे.)
दि. १४/११/२०२५

सोबत :
१) डॉक्टरांची चिठ्ठी.
२) काडेपेटीत कुसळांचा नमुना. क्र. ३ हाताशी असल्याशिवाय उघडू नये.
३) करंजेल, अर्धी बाटली. घरात एवढेच उरले आहे. पुढचे अजून झाडावर आहे.