मामंजी पेशंटच्या खुर्चीत

तीर्थरूप वन्संना,

धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, भावोजींचा खोकला गेला की अजून तुमच्याकडेच मुक्कामाला आहे, नातीचे पुढचे दात आले का, सगळं सविस्तर कळवा. आम्ही इकडे ठीक आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. तुमचे बंधुराज खरोखरच ठीक आहेत. त्यांना ठीक नसायला वेळच मिळत नाही. मी मात्र वैतागले आहे. फोनवर सांगायला गेले तर शेजारच्या खोलीत ऐकू जाईल, म्हणून हे पत्र.

तुम्हाला माहीतच आहे, हल्ली मी थेरपिस्ट लोकांना शिकवते. डिप्रेशनच्या पेशंटवर सीबीटी नावाचा उपचार कसा करायचा, ते. (त्याचं पूर्ण मराठी नाव मुद्दाम लिहीत नाही, ते ऐकून धडधाकट माणूसही खिन्न होतो.) गोष्ट तशी सरळ आहे. मन खचलं की माणसाला स्वतःबद्दल वाईटसाईटच सुचतं, त्यापायी तो हातपाय हलवायचं सोडतो, आणि हातपाय हलले नाहीत की आणखी वाईट सुचतं. हे चक्र कुठेतरी अडवायचं. पण उपदेश करून नाही. 'असं कशावरून वाटतं तुम्हाला?' एवढं हळूच विचारायचं आणि गप्प बसायचं. विचारायला सगळे शिकतात हो. गप्प बसायला शिकवताना माझे केस पिकले.

वर्ग भरतो तो हॉस्पिटलच्या धोबीखान्याच्या वरच्या खोलीत. पेशंटने काळजाला हात घालणारं काही सांगावं आणि नेमकी तेव्हाच खालची यंत्रं चादरी पिळायला लागावीत, असं नेहमीचं. टेबलावरचा पेला थरथरतो. एका भिंतीला मोठा आरसा आहे. आतून आरसा, पलीकडून काच. पलीकडे अंधारात बसून आम्ही सराव पाहतो. हे पहिल्या दिवशी घसा फोडून सांगितलं, तरी एक विद्यार्थी पेशंट येण्याआधी त्या आरशात नाकातले केस न्याहाळत होता. समोर आम्ही सगळे. तोच तो, ज्याला वर्गात 'सुप्रभात' म्हणतात, कारण रोज उजाडता उजाडता सगळ्यांच्या मोबाइलवर त्याचं गुलाबाचं फूल येऊन पडतं. पेशंट म्हणाला, 'अंथरुणातून उठवत नाही,' की हा म्हणतो, 'पहाटे उठून पाहा, फार प्रसन्न वाटतं!' पेशंटला एखादं छोटंसं, जमेल असं काम ठरवून द्यायचं असतं. याने पोहणं, बासरी आणि परसबाग अशी तिन्ही एकदम दिली.

दुसरे आहेत वकीलसाहेब. वकिली सोडून इकडे आले, पण वकिलीने त्यांना सोडलं नाही. पेशंटच्या निराशेची ते अशी उलटतपासणी घेतात की बिचारा शेवटी आनंदी असल्याचं कबूल करतो. आणि एक बाई आहेत, त्या पेशंटच्या आधी रडतात. परवा पेशंटच त्यांना पाणी देऊन म्हणाला, 'होईल हो सगळं ठीक.'

हा पेशंट म्हणजे सरावासाठी आणलेला एक नट. काम फार छान करायचा, पण त्याला मालिकेत डॉक्टरची भूमिका मिळाली आणि तो चालता झाला. आता आयत्या वेळी पेशंट कुठून आणू? म्हणून मी मामंजींना, म्हणजे तुमच्या बाबांना, गळ घातली. एरवी दिवसभर खिडकीशी बसलेले असतात. म्हटलं, तेवढाच विरंगुळा. 'नोकरीत अपयश आलेला कारकून' अशी भूमिका लिहून दिली. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस! त्यांनी आधी माझी वेलांटी दुरुस्त केली आणि मग म्हणाले, "चालेल. येतो."

सुप्रभातने त्यांना गुलाबासारखं फुलायला सांगितलं. वकीलसाहेबांनी कारकुनाच्या नोकरीच्या तारखांतली तफावत शोधून काढली. रडणाऱ्या बाईंचा नंबर येईपर्यंत माझा संयम संपला. मी काचेमागून ताडकन उठले, आत गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बघा आता. असं करायचं असतं." (किती ताठ्यात म्हणाले, ते आठवून अजून अंगावर काटा येतो.)

मी खुर्ची ओढली, आवाज मऊ केला आणि विचारलं, "सारखा कोणता विचार मनात येतो?"

मामंजींनी थरथरता पेला टेबलाच्या मधोमध सरकवला. मग म्हणाले, "मी घरात असलो काय, नसलो काय, सारखंच."

हे कागदावर नव्हतं. मला वाटलं, वा, रंगात आले! मी पुढचा प्रश्न टाकला, "असं कशावरून वाटतं तुम्हाला?"

"कशावरून? मी बाहेरच्या खोलीत आलो की तुमचं बोलणं थांबतं. उठून गेलो की परत सुरू. मुलगा किल्ल्या शोधत घरभर फिरतो, सगळ्यांना विचारतो, मला नाही. आणि सूनबाई... ती परक्या माणसांचं तास तास ऐकते. मला विचारते, 'औषध घेतलंत ना?' आणि उत्तर द्यायच्या आत ती जिन्यात असते."

वन्सं, मी काय करायला हवं होतं? गप्प बसायला हवं होतं. आणि मी काय केलं? मी म्हणाले, "अहो मामंजी, सकाळी माझी किती धावपळ असते! आणि बोलणं थांबतं ते तुमचा मान ठेवायचा म्हणून!"

छताजवळच्या स्पीकरमधून काचेमागच्या वकीलसाहेबांचा आवाज आला, "मॅडम, तुम्ही पेशंटशी वाद घालताय."

धरणी दुभंगली असती तर बरं झालं असतं, पण खाली धोबीखाना. मी पलीकडच्यांना माइक बंद करून बाहेर जायला सांगितलं. त्यांना वाटलं, हाही सरावाचाच भाग; जाता जाता सुप्रभात टाळ्या वाजवून गेला.

मग मी खरंच गप्प बसले. बऱ्याच वेळाने विचारलं, "कधीपासून असं वाटतंय?"

"तुझ्या सासूबाई गेल्या तेव्हापासून नाही," ते म्हणाले. "तेव्हा लोक यायचे, चौकशी करायचे. मग यायचे थांबले. तेव्हापासून."

झोप, भूक, सगळं विचारलं. जगणं नकोसं वाटतं का, हेही विचारलं. ते विचारावंच लागतं. "नाही गं," म्हणाले. "फक्त दिवस उजाडला की वाटतं, उगाच उजाडला."

आणि ही मी, लोकांना हे ओळखायला शिकवणारी, त्याच घरात राहते! चीड कुणाची येते ते सांगायलाच नको.

घरच्या माणसावर आपण उपचार करायचे नसतात, म्हणून दुसऱ्याच दिवशी त्यांना माझ्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. ते यायला तयार झाले, पण एका अटीवर: ती माझी विद्यार्थिनी नसावी. आता दर आठवड्याला जातात. फार फरक पडलाय असं म्हणणार नाही. पण काल कुणी न सांगता दाढी केली, आणि खालच्या मजल्यावरच्या मास्तरांबरोबर कोपऱ्यापर्यंत जाऊन आले. रस्ता उकरून ठेवलाय म्हणून चिडून परतले. चिडले, याचा मला केवढा आनंद झाला!

भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची,
भावजय

ता. क. : शेवटी विद्यार्थ्यांनीही माझ्या त्या सरावाला शेरे दिले. 'ऐकण्याची तयारी: सुधारणेस वाव.' खाली रडणाऱ्या बाईंनी लिहिलंय, 'मला मात्र आवडलं.'

दुसरा ता. क. : पत्र ज्यासाठी लिहायला घेतलं ते राहिलंच. डॉक्टरीणबाईंनी मामंजींना विचारलं, कुणाशी बोलावंसं वाटतं? त्यांनी तुमचं नाव घेतलं. तुम्ही फोन करता तो भावाला, आणि 'बाबा कसे आहेत?' म्हणून त्यालाच विचारता. तो म्हणतो, 'मजेत.' तर एकदा त्यांच्याच फोनवर करा. मी सांगितलं असं सांगू नका. ते म्हणतील, 'कशाला केलास? मी ठीक आहे, ठेव.' ठेवू नका. थोडा वेळ कुणीच काही बोलणार नाही. तुम्हाला वाटेल, फोन कट झाला. नसतो झालेला.