बाटलीतला एक थेंब दही

मोठ्या मॅडम,
तुमच्या हाताखाली शिकते ना, त्या पोरीच्या आजीचा नमस्कार.

मी जेमतेम दोन यत्ता शिकले, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. पंधरा दिवसांपूर्वी नातीनं मला विद्यापीठातली तिची प्रयोगशाळा दाखवायला नेलं. काय तो चकचकाट! आणि त्यात मेली एक गढूळ पाण्याची बाटली.

"आजी, यात नुसतं माती-मीठ-पाणी आहे. पृथ्वीवर पहिला जीव असाच आपोआप आला का, ते दोन वर्षं बघतेय," ती म्हणाली.

"अगं, विरजणाशिवाय कधी दही लागलंय का?"

ती हसली नि हात धुवायला गेली. माझ्या डब्यात दही होतं. बूच काढून टाकलाच एक थेंब, म्हटलं पोरीला तेवढाच हातभार.

काल ती पांढरीफटक होऊन घरी आली. यंत्रानं बाटलीत जीव दाखवला होता आणि तो निघाला दह्यातला! मी तिथल्या तिथे कबूल केलं. पण माझ्यापायी तिची पदवी हुकू नये, म्हणून आज तुम्हाला लिहायला बसले.

इथवर लिहिलं नि नात उड्या मारत आली. "आजी, कपाटातल्या तसल्याच अकरा बाटल्या आज तपासल्या, सगळ्या शाबूत आहेत! आणि नव्या यंत्राला जीव ओळखता येतो का, अशी मॅडमना शंकाच होती. ती तू फेडलीस!"

हुश्श! माझा जीव भांड्यात पडला. उद्या तुम्ही मला चहाला बोलावलंय म्हणे. मग हे पत्र कशाला धाडू? समोरच माफी मागते. हात मागे बांधून येईन.

तुमची,
आगाऊ आजी