फत्तूमा नर निघाली, त्याबद्दल

आदरणीय लझरमामा,

गाबेसहून तुझ्या भाचीचा, गुफ्रानचा, सलाम. गुडघे कसे आहेत? मामीचा खोकला थांबला का? नवी शेळी दूध देते की अजून नुसतीच बघत बसते? तू झाडावर असलास की फोन उचलत नाहीस आणि खाली असलास की फोन सापडत नाही, म्हणून हे पत्र तोझरच्या टॅक्सीवाल्याबरोबर पाठवतेय.

मामा, परवा तू फत्तूमाचं पान घेऊन आमच्या लॅबमध्ये आलास तेव्हा माझी छाती अशी फुगली की कोटाचं बटण तुटायचं बाकी होतं. (बी पेरून वाढवलेल्या खजुराला आजीचं नाव देणारा आख्ख्या तोझरमध्ये तूच. शेजारचा मब्रूक चार वर्षं म्हणतोय, "तुझ्या फत्तूमाला दाढी फुटणार बघ." आणि तूही चिडून सगळ्यांसमोर शपथ घेतलीस, नर निघाली, म्हणजे खजूरच धरणार नसली, तर स्वतः तोडीन आणि तिच्या शेंड्यातला गोड गाभा मब्रूकलाच खाऊ घालीन.) आता नर की मादी हे कळायला फुलोरा यायची वाट बघायला नको, कारण तुझ्या भाचीचं मशीन आहे. पान वाटून त्यातला डीएनए काढायचा, नळीत घालायचा. मशीन नळी तापवतं, गार करतं, परत तापवतं. नरातच असतो तो तुकडा सापडला तर दर फेरीला तो दुप्पट होतो, आणि जितका वाढेल तितका नळीतला रंग चमकतो. मशीनचा डोळा ती चमक मोजून पडद्यावर रेघ काढतो. माल जास्त असेल तर रेघ लवकर उठते, कमी असेल तर उशिरा. नसेलच तर आडवी पडून राहते.

हे सगळं मी तुला सांगतच होते, तेवढ्यात रेघ वर चढली आणि तू ओरडलास, "चढली बघ, पोरगी पास झाली." मग तू आमच्या मॅडमपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांच्या गालाचे मुके घेतलेस, मकरूदची मिठाई वाटलीस आणि मी तोंड उघडायच्या आत टॅक्सीत बसलास. मामा, पास नाही रे. चढली म्हणजे नर. मन घट्ट कर. मशीन खोटं बोलत नाही, आणि ते चालवणारी तुझी भाची आहे.

तुझी,
गुफ्रान

ता. क. : कोयत्याला हात लावू नकोस. एका नळीत आम्ही नुसतं पाणी ठेवतो, ती आडवीच राहायला हवी. आत्ता बघितलं तर फत्तूमाची आणि पाण्याची रेघ बरोबरच उठलीय, अगदी शेवटी शेवटी. तू नराचे पराग झाडून तस्साच आला होतास ना? आणि कौतुकानं नळ्यांची झाकणं मी तुलाच लावायला दिली. म्हणजे मशीन चुकलेलं नाहीच, त्यानं तुझ्या बाहीवरची धूळसुद्धा पकडली. पत्र नव्यानं लिहिलं असतं, पण टॅक्सीवाला हॉर्न वाजवतोय.

ता. ता. क. : नवं पान मामीबरोबर पाठव, आंघोळ करून. तू येऊ नकोस. मब्रूकनं विचारलंच तर ताठ मानेनं सांग, माझ्या भाचीचं मशीन इतकं भारी आहे की तिथं पाणीसुद्धा नर निघतं.