भर दुपारचं अन्नदान

बाईसाहेब,

भुकेल्याच्या पोटात दोन घास घालण्यासारखं पुण्य नाही. आज दुपारी एक वाजता मी ते केलं आणि तुझ्या सत्तावीस कोंबड्या मेल्या.

निघताना तू खाद्याची भांडी दोरीने वर ओढून ठेवलीस आणि 'ऊन उतरेपर्यंत खाली सोडू नकोस' असं दोनदा बजावलंस. पण त्याआधी म्हणाली होतीस, 'या घरात कोण उपाशी आहे, हे तुला कधी दिसलंय का?' ते वाक्य कानात, त्यात शेडमधला कलकलाट. म्हटलं, दिसतं हो आम्हालाही! दोरी सोडली. बिचाऱ्या तुटून पडल्या आणि तासाभरात चोची वासून धापा टाकू लागल्या. भरल्या पोटी त्यांना उकाडा सोसत नाही, हे तू लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात समजावलं होतंस. मी 'हं' म्हणालो होतो.

भांडी परत वर ओढली आहेत. पंखे चालू आहेत, जाळीला ओली पोती लावली आहेत. पाण्याच्या टाकीत टाकायला बर्फ आणायला जातोय. उरलेल्या कोंबड्या भुकेने ओरडतील. तू विरघळणार नाहीस, ठाऊक आहे. विरघळायचा मान माझा.

तू सकाळी न खाताच गेलीस, हे मला आत्ता ओट्यावरचं तुझं झाकलेलं ताट उघडल्यावर कळलं.

मेलेल्या कोंबड्या शेडमागे सावलीत ठेवल्या आहेत. एकूण एकीचं पोट भरलेलं आहे.