चष्म्याच्या घरातलं फूल

१७ एप्रिल

कळी आलीय! कळी!

आधी वाटलं पालवीच असेल. आमच्या चष्म्याच्या दुकानातलं भिंग पर्समध्ये होतं, ते लावून बघितलं — कळीच! हिरवी, शेंगदाण्याएवढी, मान खाली घातलेली. आणि एक नाही, तीन!

बी लावलं त्याला आता चौथं वर्ष. सीताफळ, तेही बाल्कनीत, वॉशिंग मशिनच्या जुन्या ड्रममध्ये! ड्रम ह्यांनी आणून दिलेला. मशिनं दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या घरात दुसरं काय मिळणार! पण झकास आहे. भोकं आधीच पाडलेली, पाणी तुंबायचा प्रश्नच नाही.

ह्यांना हाताला धरून ओढत बाल्कनीत आणलं. वाकून बघितलं आणि म्हणाले, "छान. चहा टाकतेस का?" गाढवापुढे वाचली गीता!

१८ एप्रिल

ताईला सांगायचं नाही. नाही म्हणजे नाही.

२२ एप्रिल

पहिलं फूल उघडलं आणि गळून पडलं. दुसरंही गेलं. नुसता जीव खालीवर! मग मोबाइल घेऊन बसले. दुकानात गिऱ्हाईक नसताना तेच वाचत होते, मालक दोनदा खाकरले. शेवटी उलगडा झाला.

सीताफळाचं फूल पहिल्या दिवशी बाई असतं आणि दुसऱ्या दिवशी बाप्या! पहिल्या दिवशी पाकळ्या जेमतेम फाकतात, आत चिकट ओलावा असतो, पराग घ्यायला अगदी तयार. दुसऱ्या दिवशी पाकळ्या सताड उघड्या, पराग भुरभुरतोय — पण तोवर ओलावा सुकलेला! स्वतःचं स्वतःला काही उपयोगी नाही.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "आपल्यासारखंच की. तू बोलायला लागलीस की मला झोप येते."

माझ्या झाडावर एका वेळी एकच फूल उघडतं. म्हणजे दुसरं झाड पाहिजे, माझ्याबरोबर फुलणारं. या गावात तसं झाड मला एकच माहीत आहे. ते ताईच्या गच्चीवर आहे.

२३ एप्रिल

लिहूनच टाकते, डोक्यातून जात नाही.

एका प्रवासात बसस्टँडवरच्या बाकावर बसून दोघींनी एकच सीताफळ खाल्लं होतं. बिया रुमालात बांधून आणल्या — अर्ध्या तिला, अर्ध्या मला. दोघींचं एक-एक रोप जगलं. तेव्हा रोज फोन! "तुझ्याला किती पानं?" "तुझं वाकडं का वाढतंय, तुझ्यावर गेलंय का?" हसून हसून पोट दुखायचं.

मग मागच्या वर्षी बाबांच्या पंचाहत्तराव्या वाढदिवसाला सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाली, "आमच्या धाकटीने आजवर एक गोष्ट तडीस नेली असेल तर दाखवा. शिवणाचा क्लास सोडला, चित्रकला सोडली, ते झाडही सोडेल बघा." लोक हसले. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मीही सुनावलं — "मी निदान सुरू तरी करते! तू जन्मभर दुसऱ्याच्या चुकाच काढत बसलीस."

झालं. त्या दिवसापासून ती बोलत नाही, मीही बोलत नाही.

एक फळ धरवून दाखवायचंय तिला. बस्स, एक! आणि त्यासाठी पराग हवा तो तिच्याकडचाच. देवसुद्धा चेष्टेखोर आहे.

२६ एप्रिल

भावोजी दुकानात आले, चष्म्याची काडी सैल झालेली. ते बिचारे दोन्हीकडे बोलतात. काडी आवळता आवळता मी अगदी सहज विचारलं, "काय म्हणतंय तुमचं झाड? फुलं वगैरे?"

"ढीगभर." मग चष्मा नसलेले डोळे बारीक करून माझ्याकडे बघत राहिले. "ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. काय हवंय?"

सांगितलं सगळं. बाई आणि बाप्याचं ऐकून खुर्चीत मागे पडले हसत! पण कबूल झाले. ऑफिसला जाताना माझ्या दारावरूनच जातात. सकाळी एक पूर्ण उमललेलं फूल आणून द्यायचं, ताईला पत्ता लागू द्यायचा नाही. कोरं चष्म्याचं घर दिलं त्यांच्याकडे, आत कापूस घालून.

भीती एकच. भावोजींच्या तोंडात तीळ भिजत नाही!

२९ एप्रिल

आलं! बेल वाजली तर भावोजी दारात, इकडेतिकडे बघत, चोरासारखे. खिशातून चष्म्याचं घर काढलं. आत फूल!

बशीत पराग झटकला. फ्रेमा साफ करायच्या बारीक ब्रशने उचलला आणि माझ्या फुलाच्या पाकळ्या फाकवून आत हळूच फिरवला. ह्यांना भिंग धरून उभं केलेलं. "श्वास सोडू का आता?" म्हणे!

दुकानात उशिरा पोचले. मालक बरंच काही बोलले असावेत. मला ऐकूच आलं नाही, मी आपली हसतेय.

४ मे

गळलं.

५ मे

पण मी सोडणार नाही! चुकलं कुठे ते कळलंय — माझं फूल जरा जास्तच उघडलेलं होतं, ओलावा गेला असणार. आता पाकळ्यांच्या टोकाशी फट दिसली रे दिसली की लगेच. सकाळी उठल्यावर तोंड धुवायच्या आधी बाल्कनी. शेजारीण विचारत होती, "कुणाची वाट बघता हो रोज?" म्हटलं, "बाप्याची." तिचं तोंड बघण्यासारखं झालं!

११ मे

भावोजी एक दिवस चुकत नाहीत. आणि आमचे हेच आता माझ्या आधी उठून बाल्कनीत जातात आणि तिथूनच ओरडतात, "फट पडली, फट पडली!" चहाचं नावसुद्धा नाही.

१६ मे

धरलं! धरलं! धरलं!

पाकळ्या गळून गेल्या पण देठ हिरवागार, आणि टोकाला मुगाएवढा खरबरीत गोळा! परवापर्यंत खात्री नव्हती म्हणून काही लिहिलं नाही, नजर लागेल वाटलं. आज भिंगातून खवले दिसले — चिमुकले, पण सीताफळाचेच!

नाचले. खरंच नाचले, या वयात, गुडघ्याला पट्टा बांधून! ह्यांनी फळाखाली मशिनची मऊ नळी लावून टेकू केला, इतक्या काळजीने की मलाच हेवा वाटला.

भावोजी आले तसं त्यांच्या तोंडात साखर कोंबली. हसले, पण नेहमीसारखे खो खो नाही. "आता फूल नको ना?" म्हणाले. म्हटलं, "वा! एकावर भागतंय होय? आणत राहा." चष्म्याचं घर खिशात टाकलं आणि "बरं" म्हणून गेले. ऑफिसात काहीतरी कटकट असेल.

२८ मे

गोटीएवढं झालं! बोटाने मोजून मोजून त्याला लाजवलंय मी.

ताईला फोटो पाठवायला घेतला. खाली लिहिलं — "बघ, नेलं तडीस." खोडलं. "बघ." तेही खोडलं. नुसता फोटो पाठवावा म्हटलं तर अंगठा पुढे जाईना. नकोच. पिकू दे. हातात घेऊन जाईन, तिच्या पुढ्यात फोडेन आणि निम्मं तिला देईन. त्या वेळचं तिचं तोंड मला बघायचंय. हसेल ती. मला माहीत आहे ती हसेल. वर्षभर कुणीच माझी अशी थट्टा केली नाही.

२ जून

दोन दिवस झाले, भावोजींचा पत्ता नाही. फुलं उघडताहेत आणि वाया जाताहेत. फोनही लागत नाही. तिच्या नंबरावर करू का? नको. बघू उद्या.

३ जून

बेल वाजली. धावत गेले. दारात ताई! हातात चष्म्याचं घर.

"लगेच लाव. सुकेल."

"तुला माहीत होतं?"

"रोज खुडत कोण होतं मग? ह्यांना कळतंय का उमललेलं कुठलं आणि कच्चं कुठलं!"

बाल्कनीत आली. फळावरून बोट फिरवलं, कितीतरी वेळ. "धरवलंस गं," म्हणाली. मी हसत होते की रडत होते, मलाच कळेना. घट्ट मिठी मारली तिला. मग विचारलं, भावोजी कुठायत?

"घर बघायला गेलेत. बदली झालीय. लांब — विमानानेच जावं लागेल. सोमवारी सामान हलतंय. झाड तुझ्याकडे पाठवते."

फळ पिकायला अजून तीन महिने आहेत.