अयानची आठ सिलिंडरची गाडी

अल नहदा, शारजा
रविवार

प्रिय अयान बाळा,

फोन हाताशी असताना हा बुढ्ढा कागद का काळा करतोय, असं तुला वाटेल. फोनवर तू 'अब्बा, मीटिंग, कॉल यू बॅक' म्हणतोस, आणि माझ्या शेजारी तुझी अम्मी बसलेली असते. तिच्या देखत तिच्याबद्दल बोलायचं मला जमत नाही. ती टकामका बघते आणि मी विषय बदलतो. म्हणून लिहितोय. लहानपणी दर शुक्रवारी जुनी मासिकं पुढ्यात टाकून तुला मराठी शिकवलं, तू तेव्हा नाक मुरडायचास. आज ते कामी येऊ दे. वेळ लागला तर लागू दे, पण बायको वाचते चांगलं म्हणून फिझाकडून वाचून घेऊ नकोस. तूच वाच.

उद्या तुला शोरूमला हो की नाही ते कळवायचंय. तुझी जुनी काळी, लांब नाकाची, आठ सिलिंडरची गाडी देऊन टाकायची आणि तीच गाडी, तेच नाव, तेच नाक, पण चार सिलिंडरचं नवं इंजिन घ्यायचं. महिनाभर मी तुला आडवा येतोय. पैलवानाला लंगोट बांधून बासरी वाजवायला बसवलंय म्हणालो. शोरूममधला तो पोरगा मोठ्या कौतुकाने म्हणाला की, इंजिन लहान असलं तरी आत स्पीकरमधून मोठ्या इंजिनाचा आवाज येतो. तेव्हा मी म्हटलं होतं, अरे, जेवण अर्धपोटी आणि ढेकर रेकॉर्डची! तू मान खाली घालून हसलास. मग गाडीत बसल्यावर चिडून म्हणालास, "अब्बा, इट्स जस्ट ऍन इंजिन. आणि हे जुन्यापेक्षा फास्ट आहे."

टपरीवर खैरुद्दीननेसुद्धा मला सोललं. जन्मभर स्पेअर पार्ट विकलेला माणूस तो. म्हणाला, "हमीद, तुझ्या बापाची कंपनी आहे काय? मोठं इंजिन ज्याला झेपतं त्याने मोठं घ्यावं. ज्याच्या घरात पाळणा हलतोय त्याने लहान घ्यावं. गाडीचं रूप आवडणाऱ्याने काय फक्त काचेबाहेरून बघायचं? यल्ला, चहा पी आणि गप बस." मी तेव्हा कचाकचा भांडलो. पण खरं सांगू? त्याचंच बरोबर होतं. तू गाडी खाली चालू केलीस की पाळण्यातली सफा दचकून उठते, रडून निळी पडते, हे फिझाने मला दोनदा सांगितलंय. अबुधाबीहून इथवर येण्याजाण्यात टाकीचा तळ दिसतो. लहान इंजिनाची सोय असायलाच हवी. नाकापेक्षा मोती जड कशाला? हे मला पहिल्या दिवसापासून कळत होतं, बाळा. माझं भांडण इंजिनाशी नव्हतंच.

तुझी अम्मी खाडीकाठच्या राजिवड्याची, मासेमारीच्या लाँचवाल्यांच्या घरातली. तिथल्या बायका दर्याकडे डोळे लावून बसत नसत, कान लावून बसत. खाडीच्या तोंडाशी लाँच आली की नुसत्या इंजिनावरून सांगायच्या, ही अमक्याची, ही तमक्याची. आपली ओळखली की चुलीवर कालवण चढायचं. माणूस धक्क्यावरून घरी पोचेतो ताट तयार. एकदा तिच्या मामूंनी डिझेल वाचवायला लाँचवर लहान इंजिन बसवलं. घरातलं कुणी उठलंच नाही. मामू भिजल्या लुंगीवर दारात उभे राहिले आणि मामी आतून ओरडली, "कोण हाय रे?" राजिवडा महिनाभर हसत होता. लग्न होऊन मी तिला इथे आणलं, तरी तिने ती सवय सोडली नाही. माझ्या खटारा पिकअपचा आवाज ती सिग्नलवरून ओळखायची. मग तू ही गाडी घेतलीस. तिला काय, दिवाळी झाली. दुसऱ्या मजल्याची खिडकी, खाली वाळूचं पार्किंग. तू वळणावर आलास की ही तवा टाकायची. तू वर येईपर्यंत पहिलं घावन जाळी धरून सुटलेलं असायचं.

तुला वाटतं अम्मी अधूनमधून विसरते. चष्मा फ्रीजमध्ये ठेवते, नमाजाच्या रकाती चुकते, एवढंच तुला माहीत. मीच तुला तेवढं कळू दिलंय. बाळा, तिला तोंडं कळेनाशी होऊन वर्ष होत आलं. मला ती कधी भाईजान म्हणते, कधी वॉचमन समजून पाणी विचारते. भिंतीवरचा तुझा फोटो दाखवला तर म्हणते, "कुणाचं पोर? देखणं आहे." पण दर शनिवारी तुझं ते इंजिन खाली गुरगुरलं की तिच्या अंगात कुणीतरी दिवा लावल्यासारखं व्हायचं. "अयान आला," म्हणायची आणि स्वतः उठायची. तू दारात यायचास तेव्हा ती तुला बघून ओळखत नव्हती. ती आधीच ओळखून उभी असायची. तू मला म्हणायचास, "सी अब्बा, शी नोज मी." मी इन्शाल्ला म्हणून चपला नीट लावत बसायचो.

महिन्यापूर्वी तू शोरूमची लहान इंजिनाची गाडी चालवून बघायला घेतलीस आणि थेट आमच्याकडे आलास. आठवतं? अम्मी पलंगावरून उठली नाही. तुझ्याकडे पाहून तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला, परपुरुष आल्यासारखा. तू म्हणालास, आज अम्मी रुसली वाटतं. मी म्हटलं, हो, गोळीने झोप येते तिला. त्या दिवसापासून मी हट्टाला पेटलो. लोकांना वाटलं म्हातारा शौकीन आहे. तूही फिझाला म्हणालास म्हणे, अब्बांना माझ्यापेक्षा गाडी प्यारी. म्हण. मला एवढंच ठाऊक होतं की तिच्यात आणि तुझ्यात तेवढा एकच धागा उरलाय, आणि तो मी माझ्या जिवंतपणी तुटू देणार नव्हतो. सफाच्या झोपेच्या बदल्यात, तुझ्या पेट्रोलच्या बदल्यात, तुझ्या घरातल्या कुरबुरीच्या बदल्यात मी तुझ्या अम्मीचे शनिवार मागून घेत होतो.

आता कालचं सांगतो. त्यासाठीच बसलोय. काल तू आलास, जुन्याच गाडीतून. वळणावरच मला आवाज आला. मी तिच्याकडे बघितलं. ती खिडकीपाशीच बसली होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. गाडी खाली आली, तू नेहमीसारखी जरा जास्तच घुमवलीस, काचा थरथरल्या. ती नुसती म्हणाली, "काय हा गोंगाट," आणि परत गुंडाळायला लागली. मी तिच्या कानाशी जाऊन म्हटलं, मैमुना, अयान आला. ती म्हणाली, "बसू दे त्याला." तू जिना चढत होतास. मी तवा टाकला, हात भाजला तरी घावन घातलं, तिला दंडाला धरून उठवलं, दारापर्यंत आणलं, ताटली तिच्या हातात दिली आणि मागे सरकलो. तू आत आलास, तिला मिठी मारलीस, घावन जरा जाड झालंय म्हणून चिडवलंस. माझ्याकडे बघून तेच म्हणालास, जे दर वेळी म्हणतोस. तुझ्या खांद्यावर तिची मान होती आणि ती माझ्याकडे बघून खुणेने विचारत होती, हा कोण?

म्हणून लिहितोय, बाळा. माझी आडकाठी संपली. उद्या शोरूमला हो म्हण. लहान इंजिन घे, पोरीला झोपू दे. मोठ्या इंजिनापायी तुझ्याशी भांडायला माझ्याकडे आता कारण उरलं नाही. खलास. पुढच्या शनिवारी येशील तेव्हा बेल वाजव. मी दार उघडेन.

तुझाच,
अब्बा