चाळीस अक्षरांची ओळ

अण्णा,

आज वर्गात एका मुलीचा प्रोग्रॅम चुकला आणि मला तुमची आठवण आली. फायलीतून एकेक ओळ वाचायची, तिच्यापुढे नंबर घालायचा आणि छापायची, एवढंच काम होतं. तिच्या एका लांब ओळीचे दोन तुकडे झाले आणि दोन्ही तुकड्यांना वेगवेगळे नंबर पडले. ती म्हणाली, "मॅडम, फाइल तर बरोबर हाय, मग हे कावून झालं?" उत्तर मला तोंडपाठ आहे. दरवर्षी शिकवते. पण आज आधी तिचा छापील कागदच मागून घेतला.

तुम्हीही ओळीच वाचायचात. नारायणगडाच्या यात्रेला आपल्या गावातून भाकरी जायच्या. त्याच्या दोन दिवस आधी महादेवाच्या पारावर तुम्ही माईकवरून घरांची नावं वाचायचात. ज्याचं नाव पारावरून निघालं त्या घरचं टोपलं गेलंच पाहिजे, निघालेलं नाव मागे घ्यायचं नाही, हा आपल्याकडचा रिवाज. दुकानातली कापड मोजायची लाकडी पट्टी तुम्ही ओळीखाली धरायचात आणि एकेक घर खाली सरकवायचात. "कागदावर हाय ते वाचायचं. मनचं घालायचं न्हाई, मनानं गाळायचं न्हाई." एकदा वहीत आपलंच घर लिहायचं राहिलं, तर तुम्ही तेही वाचलं नाहीत. आई आठवडाभर फुगून बसली होती.

मला गेवराईच्या कॉम्प्युटर क्लासला तुम्ही घातलंत तेव्हा काकांनी घर डोक्यावर घेतलं होतं. "पोरीच्या जातीला काय करायची मशीन? रोज यष्टीनं जाणार, लोकं काय म्हनतील?" सिमेंटच्या दुकानावरची ती खोली, बाहेर काढलेल्या चपला, यंत्रांवर झाकलेली फुलाफुलांची कापडं. धुळीला आम्ही साहेबासारखं भिऊन असायचो. त्या वर्षी तुम्ही म्हणालात, यादी मशिनीवर काढ. मशीन मराठी लिहीत नव्हती, म्हणून साठीच्या उंबरठ्यावर तुम्ही इंग्रजी अक्षरं शिकलात. लहानपणी निजामाच्या उर्दू शाळेत शिकलेला माणूस, गल्ल्यावर पाटी घेऊन बसायचा आणि गिऱ्हाईक आलं की ती मांडीखाली सरकवायचा! मी हसले की म्हणायचात, "हस, हस. पण पारावर म्या अडखळलो तर नाव तुजं जाईल." आणि काकांना चारचौघांत सांगून बसलात, "मशीन चुकत नसती."

त्या दिवशी तुम्ही धुतलेलं धोतर नेसून पारावर बसलात. लांबलचक कागद मांडीवरून खाली लोळत होता. अडखळत का होईना, नावं नीट चालली होती. मग शेजारच्या काकूंचं नाव आलं. त्यांचा नवरा जाऊन दीड वर्ष झालं होतं. घर दिराच्या नावानं लिहा असं सगळे म्हणत असताना तुम्हीच हट्टानं वहीत लिहिलं होतं: आडनाव, काकूंचं नाव, भ्रतार कैलासवासी, मग नवऱ्याचं नाव, मग सासऱ्याचं. अख्ख्या यादीत सगळ्यांत लांब ओळ तीच. तुम्ही "भ्रतार कैलासवासी" इथपर्यंत वाचलंत. ओळ संपली होती. पट्टी खाली सरकली. पुढच्या ओळीत नवा नंबर आणि गेलेल्या माणसाचं नाव, चांगल्या जित्या घरधन्यासारखं. तुम्ही थांबलात. मला वाटलं, सोडून देतील. आणि मग तुम्ही नंबर वाचलात, नाव वाचलंत. भोंग्यातून ते सगळ्या गावात गेलं.

बायकांमध्ये कुजबुज झाली. काकांनी माझ्याकडे बघितलं आणि मोठ्यानं विचारलं, "काय छापून आणलंय पोरीनं?" तुम्ही कागदाची घडी केलीत. "कागद बरोबर हाय. इंग्रजी अक्षरं हायेत, माजाच डोळा चुकला," असं माईकवरच म्हणालात. जन्मात पहिल्यांदा तुम्ही पारावरून कागदावर नसलेलं काही बोललात, अण्णा, आणि तेही खोटं.

दुसऱ्या दिवशी काकूंनी आपणहून दोन टोपल्यांचं पीठ काढलं. "नाव निघालंय ना, मग त्यांचंबी टोपलं जाईन." तुम्ही मला त्यांच्या चुलीपुढे धाडलंत. मी भाकरी शेकत होते, त्या थापत होत्या. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. पहिलं टोपलं भरल्यावर त्या म्हणाल्या, "ह्यांना भाकर पातळच लागायची बघ. जाड झाली की ताट सरकवायचे," आणि दुसऱ्या टोपल्यातल्या सगळ्या पातळ केल्या. ते टोपलं तुम्ही स्वतः डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरपर्यंत गेलात.

सोमवारी क्लासात मला चूक सापडली. यादी छापायच्या माझ्या प्रोग्रॅममध्ये ओळीसाठी मी चाळीस अक्षरांची जागा ठेवली होती, त्यातलंही एक मशीन स्वतःला राखून ठेवते. जागा भरली की ती तिथंच थांबते आणि उरलेलं पुढच्या खेपेला आणते, नवी ओळ असल्यासारखं. ओळीच्या शेवटाची खूण आली का, एवढं विचारायला हवं होतं. आली नसेल तर माणूस अजून त्याच ओळीत आहे. मी चाळीसचे दोनशे केले, ती खूणही तपासली आणि घरी येऊन गप्प बसले. बोलले असते तर काकांनी क्लास बंद पाडला असता. पुढच्या वर्षी माईक दुसऱ्याच्या हातात गेला. "अण्णाला आता दिसत न्हाई," लोक म्हणाले. बीडच्या डॉक्टरनं डोळे ठणठणीत असल्याचं सांगितलं, तरी लोकांसाठी तुम्ही चष्मा लावू लागलात. यादी वाचली जायची तेव्हा तुम्ही दुकानात बसून उगीच तागे उलगडायचात, पुन्हा गुंडाळायचात. ते मी बघितलंय. माझी नोकरी, हे घर, हा फळा, सगळं त्या चष्म्यावर उभं आहे.

त्या मुलीला मी शेवटी सगळं समजावून सांगितलं. आता संध्याकाळ झालीय आणि तिच्याच प्रोग्रॅमच्या छापील कागदाच्या पाठीवर हे लिहितेय. उद्या तपासलेले कागद परत द्यायचेत, पण हा मी ठेवून घेणार.

एक सांगायचं राहिलंच. यादी घेऊन गेवराईहून येताना एसटीतच मी ती उघडली होती. ते नाव एकटं पडलेलं मला तेव्हाच दिसलं होतं. परत जाऊन नवी छापायला वेळही होता. पण मशीन चुकली हे काकांसमोर कबूल करायला नको, म्हणून मी मनाशी म्हटलं, अण्णांना माहीतच आहे तो माणूस गेलाय, वाचताना गाळतील. तुम्ही गाळत नाही, हे मला माहीत होतं.